रोमहून एका दिवसात चिविता दि बान्योरेजो: आई-बाबांना घेऊन जमेल का?

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन इटलीला चाललोय. रोमचा मुक्काम तेर्मिनी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आहे. त्यातला एक दिवस बाबांनी परस्पर बुक करून टाकलाय. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी सकाळी सकाळी एक फोटो टाकला होता. धुक्यातून वर आलेला सुळका, माथ्यावर दाटीवाटीनं घरं आणि तिथवर जाणारा एक लांबलचक पूल. तेव्हापासून त्यांचा एकच धोशा, "कलोसियम राहिलं तरी चालेल, हे गाव बघायचं." शोधाशोध केल्यावर नाव कळलं, चिविता दि बान्योरेजो. बाबा त्याला नुसतं 'ते पुलावरचं' म्हणतात.

बाबा ७२ वर्षांचे, रोज सकाळी वेताळ टेकडी. त्यांची काळजी नाही. आई ६८. उजवा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर तासभर आरामात चालते, चढ थांबत थांबत चढते, पण पायऱ्या उतरताना कठडा लागतो. दोघंही शाकाहारी, आईला अंडंही चालत नाही. गाडी भाड्यानं घ्यायचा विचार नाही. माझी हौस कोथरूडच्या ट्रॅफिकमध्ये पुरेशी भागते.

ट्रेननं ओर्विएतो आणि पुढे बस असं वाचलं, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं काहीतरी लिहिलंय. आईला तो पूल झेपेल का? आणि भाऊ म्हणतो की एवढी तंगडतोड करून तिथे अर्ध्या तासाचंच काम आहे, त्यापेक्षा त्याच दिवशी आणखी दोन गावं उरकून घ्या. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा.

सोमवारपेठी

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. गुडघा दुखत असेल तर चिविताच्या नादी लागू नका. ट्रेन, मग बस, मग शटल, मग पूल, आणि तेच सगळं उलट. ६८ वर्षांच्या माणसाला सुट्टीत ही शिक्षा कशाला?

टेकडीवरचं गावच बघायचं तर कास्तेल गांदोल्फोला जा. तेर्मिनीहून लोकल ट्रेननं पाऊण तासाच्या आसपास. खाली आल्बानोचं तळं, वर पोपचा उन्हाळी महाल, तो आता आतून बघता येतो. स्टेशनपासून गावात जायला थोडा चढ आहे तेवढाच. दुपारी तळ्याकडे बघत जेवायचं आणि संध्याकाळी रोममध्ये परत.

चिविताचाच हट्ट असेल तर रोमहून निघणारी एखादी टूर घ्या. पैसे जातील, पण बस चुकायची धाकधूक नाही.

बेसाल्टबाई

सोमवारपेठी यांचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. पण बाबांना दाखवायचं एक आणि न्यायचं भलतीकडे, म्हणजे सिंहगड म्हणून घरातून निघायचं आणि खडकवासल्याला भजी खाऊन परत यायचं. बाबा तुम्हाला वर्षभर ऐकवतील.

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर काही काळ लेकीकडे रोमला होते, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चिविता दाखवायचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. ज्यांना दगडांत रस नाही त्यांनी मधला भाग गाळून पुढे जावं.

आधी जायचं कसं ते. तेर्मिनीहून ओर्विएतोला साधी रीजनल गाडी पकडा, सव्वा तासाच्या आसपास लागतो. महागड्या जलद गाडीचं तिकीट काढायची गरज नाही. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर छाप मारून घ्यायची, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड होऊ शकतो. रीजनल गाड्या तेर्मिनीच्या पार टोकाच्या फलाटांवरूनही सुटतात आणि ते अंतर आईंच्या पायांनी चांगलं दहा मिनिटांचं आहे. म्हणून स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा.

ओर्विएतोहून बान्योरेजोला कोत्राल या बस कंपनीची निळी बस जाते, पाऊण तास धरा. खरी मेख इथे आहे. दिवसभरात फेऱ्या मोजक्याच, त्यातल्या काही फक्त शाळा चालू असतील त्या दिवशी, आणि रविवारी व सणाच्या दिवशी बस नाहीच. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत जाताय म्हणून मुद्दाम सांगते, १ नोव्हेंबरला इटलीत सर्व संतांचा सण असतो, सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी ओर्विएतो स्टेशनबाहेर बसची वाट बघत उभं राहिलात तर बाबांचा फोटो फोनवरच बघावा लागेल. तिकीट बसमध्ये काढण्यापेक्षा आधीच तंबाखूच्या दुकानात घ्या. निळ्या पाटीवर पांढरा 'टी' दिसला की ते दुकान. परतीचं तिकीटही तिथेच घेऊन टाका.

माझ्या मते तुम्ही जाताना टॅक्सी करावी आणि येताना बस. स्टेशनबाहेर टॅक्सी असतात, भाडं बसण्याआधी ठरवा. अर्ध्या तासात पोचता आणि आईंचे पाय पुलासाठी ताजे राहतात. टॅक्सीवाल्याला 'बेलवेदेरे' म्हणून सांगा, म्हणजे गाव समोर दिसतं ती जागा. बसनं गेलात तर बान्योरेजो गावातून तिथवर दोन किलोमीटरच्या आसपास चालणं आहे, त्यासाठी छोटी शटल मिळते. ती नक्की कुठे सोडते ते चढतानाच विचारा, कारण बेलवेदेरेहून खाली पुलाकडे पायऱ्या उतरतात आणि आईंना त्याच नको आहेत.

आता पूल. १९६५ साली बांधलेला, काँक्रीटचा, जवळजवळ ३०० मीटर लांब. पायऱ्या नाहीत, दोन्ही बाजूंना कठडा आहे, पर्यटकांची गाडी जात नाही. सुरुवात सौम्य आहे, शेवटचा टप्पा मात्र छातीवर येतो. सावली अजिबात नाही आणि वारा भणाणतो, आईंना कानाला बांधायला स्कार्फ द्या. झेपेल का याची परीक्षा पुण्यातच घेता येईल. बाबा रोज जातात त्या टेकडीवर एआरएआयकडून जाणारा डांबरी रस्ता आहे ना, तो आईंना एकदा चढायला लावा, हवं तितकं थांबत. तो जमला तर हा पूल नक्की जमेल, हा त्याहून बराच आखूड आहे. उतरतानाही चालच आहे, पायऱ्या नाहीत. कठड्याच्या बाजूनं यायचं.

गावात शिरायला आता ५ युरो लागतात. २०१३ साली ही पद्धत सुरू झाली तेव्हा दीड युरो होता. लोक कुरकुरतात, "गावात जायला तिकीट कसलं?" मला तो पैसा अजिबात खटकत नाही. का, ते सांगते.

गाव ज्या दगडावर उभं आहे तो आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीतून आलेला, पण स्वभावानं अगदी वेगळा. आपला बेसाल्ट म्हणजे लाव्हा वाहत येऊन थिजलेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, छिन्नी बोथट करणारा. चिविताचा दगड टफ, म्हणजे उडालेली राख साचून, दबून, चिकटून बनलेला. तो आला शेजारच्या बोल्सेना तळ्याभोवतीच्या ज्वालामुखींतून, आणि वय सहा लाख वर्षांच्या आतलं. आमच्या हिशेबात हे परवाचंच. भिंतीवरून हात फिरवा, बोटाला पिवळसर पूड लागते. आत पांढरे-करडे हलके खडे दिसतात, तो प्युमिस. असा दगड साध्या लोखंडी हत्यारानं कापता येतो, म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या तिथल्या लोकांनी तिथे वस्ती केली. वेशीतून आत जाणारी वाटही त्यांनीच दगड कोरून काढलेली आहे.

आता बेलवेदेरेवर उभं राहून नजर गावाच्या खाली न्या. टफच्या सरळ भिंती संपतात आणि त्याखाली करडी, सुरकुतलेली, गवत धड न धरणारी माती सुरू होते. ती समुद्रतळाची चिकणमाती. ज्वालामुखी यायच्या आधी तिथे समुद्र होता. पावसात ती फुगते, उन्हात तडकते, आणि दोन्ही बाजूंचे ओढे, रिओ किआरो आणि रिओ तोर्बिदो, तिला खालून खात राहतात. खालचा आधार गेला की वरच्या टफला उभी भेग पडते आणि कधीतरी एक अख्खी फळी दरीत जाते. आपल्याकडे बेसाल्टच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असतो, घाटात कापलेल्या कड्यांवर बघितला असेल. तो झिजला की वरचा कडा पुढे लोंबतो. तत्त्व तेच, पण आपल्याकडे तो पट्टा हात-दोन हातांचा आणि वर-खाली पक्का कातळ. तिथे मात्र अख्खं गाव मातीच्या ढिगावर ठेवलंय.

१६९५ च्या भूकंपानं बरंच नुकसान झालं आणि लोक शेजारच्या, म्हणजे आजच्या बान्योरेजोत जाऊन राहिले. थोड्याच वर्षांत बिशपनंही मुक्काम हलवला. सेंट बोनाव्हेंचर हा तेराव्या शतकातला मोठा ख्रिस्ती तत्त्वज्ञ मूळचा इथला. त्याचं जन्मघर जिथे होतं त्या कडेला जाऊन बघा, घराचा बहुतेक भाग दरीत गेलाय. आज गावात कायम राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कड्यांमध्ये पोलादी सळया घालून दगड जखडायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, आणि त्याला पैसा लागतो. म्हणून ते ५ युरो मी आनंदानं देते.

तुमच्या भावाचं अर्ध्या तासाचं गणित फोटो काढून परतणाऱ्यांचं आहे. वेशीवर दगडी सिंह आहेत, पंजात माणसाचं मुंडकं धरलेले, ते वर मान केल्याशिवाय दिसत नाहीत. मग चौक, त्यात सान दोनातो चर्च. चौकात फरशी नाही, नुसती बारीक खडी. जून आणि सप्टेंबरमध्ये तिथे गाढवांची शर्यत होते. आईंना चौकात बाकावर बसवा आणि बाबांना पलाझ्झो आलेमान्नीतलं दरडींचं संग्रहालय दाखवा. खोल्या छोट्या, पण कडा कसा सरकत गेला ते नकाशांवर फार नीट मांडलंय. बहुतेक लोक त्याच्या दारावरून आइस्क्रीम खात पुढे जातात. काय बोलायचं!

आणि पुलावर एक गंमत दिसेल. गावातलं सामानसुमान न्यायला तीनचाकी पियाज्जो ॲपे वापरतात. हो, तीच, आपल्या बारामतीत बनते ती. सिलिंडर आणि बिसलरीसारख्या पाण्याचे खोके भरून पुलाच्या चढावर ती घरघरत निघाली की पर्यटक कठड्याला चिकटतात. माझ्या एका पाहुण्यानं सगळ्यात जास्त फोटो तिचेच काढले.

तीन गावं एका दिवसात करू नका. जमून येईल, पण मग प्रत्येक गावात तुम्ही घड्याळ बघत असाल. चिवितानंतर वेळ उरला तर ओर्विएतो वाटेवरच आहे.

सोमवारपेठी

बाई, तुम्ही एवढं लिहिल्यावर मलाच जावंसं वाटायला लागलं. तरी टूरबद्दलचं मत मागे घेत नाही.

बेसाल्टबाई

नका घेऊ. सोमवार पेठेत मत मागे घ्यायची पद्धत नाही हे मला माहीत आहे, माझं माहेर रास्ता पेठेतलं.

कर्वेनगरी

बेसाल्टबाई, मनापासून धन्यवाद! बाबांना हे मोठ्यानं वाचून दाखवलं. दगडांचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. आई म्हणाली, "म्हणजे आपण पडायला आलेल्या गावात चाललोय, आणि वर तिकीट काढून?" पण एआरएआयचा रस्ता ती काल चढली. चार ठिकाणी थांबली, एका ठिकाणी मोर बघायला म्हणून थांबली असं म्हणते. गुडघा रात्री ठीक होता.

आता खाण्याचं कोणी सांगेल का? आणि ओर्विएतोत आईला झेपेल असं काय आहे?

हिंगाचीडबी

खाण्याचं मी सांगते. सासूबाईंना घेऊन त्याच भागात फिरले आहे, आणि त्यांचे नियम तुमच्या आईंपेक्षा कडक.

चिवितात ब्रुस्केत्ता खा. निखाऱ्यावर भाजलेला जाड पाव, त्यावर लसूण घासलेला आणि स्थानिक ऑलिव्हचं तेल धारेनं सोडलेलं. टोमॅटोचा किंवा नुसता तेलाचा मागा. गावात जुन्या तेलघाण्याची मोठी दगडी चाकं अजून आहेत, तीही बघून घ्या. सासूबाईंनी त्या पावावर पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून भुरभुरली. वाढणारा मुलगा बघतच राहिला. त्यानं चिमूटभर चाखली आणि आत जाऊन स्वयंपाक्याला घेऊन आला. चटणी संपली हो तिथेच.

पास्ताचं असं, ताज्या पास्त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. सुका पास्ता सहसा बिनअंड्याचा. त्या भागात पिची किंवा उम्ब्रिकेल्ली नावाच्या जाड, हातानं वळलेल्या शेवया मिळतात, त्या साधारणपणे नुसत्या पीठ-पाण्याच्या करतात. तरी 'सेंझा उओवा' म्हणून विचारून घ्याच, म्हणजे अंड्याशिवाय. मांसाशिवाय म्हणजे 'सेंझा कार्ने'. फक्त 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर कधी कधी सूप भाजीचं असतं पण पाणी हाडांचं.

चीजचं आईंना विचारून ठेवा. पार्मेजान आणि पेकोरिनो ही दोन्ही वासराच्या नाहीतर कोकराच्या जठरातल्या रेनेटनं विरजवतात. सासूबाईंना मी सांगितलं आणि पुढचे सगळे दिवस 'सेंझा फोर्माज्जो' म्हणत बसले. तुमच्याकडे चालत असेल तर प्रश्न नाही.

आणि जेवणाची वेळ पाळा. साडेबारा ते अडीच. नंतर स्वयंपाकघर बंद, मग संध्याकाळी साडेसातपर्यंत कोणी पास्ता उकळणार नाही. आपल्या दुकानदारांना आपण उगाच नावं ठेवतो. दशम्या आणि मेथीचे ठेपले ट्रेनमध्ये खाऊन घ्या, रीजनल गाडीत कोणी काही म्हणत नाही.

बेसाल्टबाई

चटणीचा किस्सा लेकीला पाठवला.

ओर्विएतोत आईंसाठी सोपं आहे. स्टेशन खाली, गाव वर टफच्याच पठारावर, पण हा दगड रुंद आणि ऐसपैस, चिवितासारखा चिंचोळा नाही. स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर म्हणजे दोरावरची गाडी दोन-तीन मिनिटांत वर नेते. १८८८ साली सुरू झाली तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालायची, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो खाली येताना खालच्याला वर ओढायचा. आता विजेवर चालते. वर पोचल्यावर दुओमोपर्यंत, म्हणजे गावच्या मुख्य चर्चपर्यंत, मिनीबस मिळते, चालायला नको.

दुओमोचा पाया १२९० साली घातला. सगळे पुढच्या सोनेरी चित्रांच्या भिंतीपाशी गर्दी करतात. तुम्ही आई-बाबांना बाजूच्या भिंतीकडे न्या. आडवे पट्टे दिसतील, एक पांढरा, एक काळसर. पांढरा ट्रॅव्हर्टिन, आणि काळसर तो बेसाल्ट! हात लावून आलेच मी. आत सिन्योरेल्लीनं रंगवलेलं चॅपल आहे, १४९९ ते १५०४ मधलं, जगबुडीच्या दिवशी हाडांचे सापळे जमिनीतून वर येताहेत वगैरे. तिथे बाक आहेत, आईंना बसून बघता येईल.

सान पात्रिझिओची विहीर मात्र आईंसाठी नाही. खाली उतरायला २४८ पायऱ्या आणि वर यायला तेवढ्याच. बाबांना एकट्यांना पाठवा. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप क्लेमेंट सातवा पळून ओर्विएतोला आला, आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून सांगाल्लो या वास्तुविशारदाकडून ही खोदायला घेतली. १५३७ मध्ये पुरी झाली. ५३ मीटर खोल. एकमेकांभोवती फिरणारे दोन वेगळे जिने आहेत, एकानं खेचरं रिकामी उतरायची, दुसऱ्यानं पखाली घेऊन चढायची, वाटेत समोरासमोर यायची भानगडच नाही. फ्युनिक्युलरच्या वरच्या स्थानकाला लागूनच आहे, त्यामुळे परतीच्या वाटेवर बाबा आत, तुम्ही आणि आई शेजारच्या बागेत, असं जमेल.

कर्वेनगरी

ठरलं मग. बुधवार पकडतोय, १ तारखेच्या आधीचा. जाताना टॅक्सी, येताना बस. शेवटचा प्रश्न, आधी ओर्विएतो की आधी चिविता? बाबांना फोटोसारखं धुकं हवंय.

बेसाल्टबाई

आधी चिविता. धुक्याची हमी कोणी देत नाही. पावसानंतरच्या थंड सकाळी दरीत साचलं तर साचलं, आणि त्यासाठी रोमहून पहाटेची पहिली गाडी लागेल. आईंना तेवढं ताणू नका. बेलवेदेरे गावाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी ऊन समोरून डोळ्यांत येतं आणि गाव काळपट दिसतं. दुपार कलली की तेच ऊन पाठीमागून गावावर पडतं आणि टफ पिवळा धमक दिसतो. म्हणजे परत निघताना पुन्हा एकदा मागे वळून थांबायचं.

आणि तारीख पक्की करताना हे बघा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. तुमचा बुधवार त्यानंतरचा असेल तर पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नका, तिच्या आधीची धरा.

कर्वेनगरी

नंतरचाच आहे. आधीची बस धरतो. आईनं शेंगदाण्याची चटणी दोन डबे करायला घेतलीय.

हिंगाचीडबी

चेक-इन बॅगेत टाका, आणि डबा घट्ट झाकणाचा. वरून प्लास्टिकच्या दोन पिशव्या.